हलू नका, लागेल

माझ्या दुकानात वाद होत नाहीत. गळ्यावर वस्तरा असताना माणूस सहसा मतभेद व्यक्त करत नाही. याची मला इतकी सवय झाली होती की, आपली सगळी मतं बरोबरच असतात, असा माझा कित्येक वर्षं समज होता. हवामान, निवडणुका, टकलावरचे उपाय, लोकांच्या सुना, सगळ्यांवर मी बोलायचो आणि समोरच्या आरशात फेसाने भरलेले चेहरे डोळ्यांनीच हो म्हणायचे. कुणी फेसातून ओठ हलवायला लागलं, की मी म्हणायचो, "हलू नका, लागेल." विषय संपला.

त्यात गव्हाचा विषय निघाला आणि मी पार वाहवत गेलो.

त्याचं असं झालं, माझं पोट फुगायला लागलं. वाढलं तर ते आधीच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण दुपारचं जेवण झालं की ते असं काही टम्म व्हायचं, की खुर्चीपाशी माझ्याआधी ते पोचायचं. एका गिऱ्हाइकानं मान न वळवता विचारलं होतं, "दादा, मागून कोण ढकलतंय?" वर ढेकरा. हातात वस्तरा असताना ढेकर येणं हा आमच्या धंद्यातला गंभीर प्रकार आहे. येतेय असं वाटलं की हात वर उचलून उभं राहायचं. गिऱ्हाइकाला वाटतं, दादा विचार करतायत.

अशाच एका रिकाम्या दुपारी फोनवर मला पांढरा कोट घातलेला एक माणूस भेटला. कोट मीही घालतो, त्यामुळे तो डॉक्टर होता की केस कापणारा, हे मी तपासायला हवं होतं. तो म्हणाला, सगळ्याच्या मुळाशी गहू आहे. पोट फुगणं, आळस, विसराळूपणा, चिडचिड, सगळं गव्हामुळे. माझ्याकडे हे चारही होतं. मला वाटलं, हा माणूस मला ओळखतो.

त्याच संध्याकाळी मी गहू सोडला. एकट्यानं सोडला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण मी पडलो उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग बांधणारा. मी अख्ख्या घराचा गहू सोडला.

माझी बायको हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करते. दिवसभर वाफेत उभी राहून आलेल्या बाईला 'उद्यापासून घरात पोळी नाही, पाव नाही, बिस्कीट नाही, नूडल्स नाहीत' असं सांगायला धैर्य लागतं. माझ्याकडे धैर्य नव्हतं, पण ताजं ज्ञान होतं.

"मग खायचं काय?" तिनं विचारलं.

"भात, अंडी, बटाटे, भाज्या, फळं. जगात काय कमी आहे?"

"आणि सकाळी घाईत डब्यात काय द्यायचं? भात?"

"त्यात काय झालं?"

"तुमच्या डोक्यावरून एकदा इस्त्री फिरवायला हवी," ती म्हणाली. पण दमलेली होती, म्हणून तेवढ्यावरच सुटलो.

मुलगी काही बोलली नाही. ती कधीच फारसं बोलत नसे. घरातलं बोलायचं काम मी करत असल्यामुळे तिच्यावर ती वेळ आली नव्हती. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीत आहे. घरात आणि गल्लीत ती काडी. जन्मापासून काडीच. आठवीत गेली तरी रांगेत सगळ्यांच्या पुढे उभी, उंचीमुळे. सारखं तोंड यायचं, जिना चढताना मधल्या पायरीवर बसायची, ताटावरून अर्ध्यात उठायची. "हिच्या अंगाला काही लागतच नाही," असं बायको म्हणायची. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या होत्या. बाटलीमागून बाटली संपली, रक्त काही वाढलं नाही. माझं मत असं होतं, की ती माझ्या आत्यावर गेलीय. आत्या एवढीशीच होती आणि नव्वदीपर्यंत टुणटुणीत जगली. याही मताला दुकानात कुणी विरोध केला नव्हता.

तर गहू सुटला, आणि काय सांगू, पोट उतरलं! आता, प्रत्येक चहाबरोबर क्रीमची चार बिस्किटं खाणाऱ्या माणसानं ती बंद केली तर पोट उतरणारच, त्याला पांढरा कोट कशाला लागतो? पण हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. म्हणजे कुणी तोंड उघडलं नाही. म्हणजे, मी उघडू दिलं नाही.

दुकानाचं मी मंदिर करून टाकलं. दाढीला बसलेल्या प्रत्येकाला गव्हाचे अपराध ऐकवल्याशिवाय सोडत नव्हतो. समोरचा बेकरीवाला, माझं जुनं गिऱ्हाईक, दोनदा ऐकून घेऊन तिसऱ्यांदा आलाच नाही. त्यानं दाढी ठेवली. मी म्हटलं, सत्य कडू असतं. आणि हे म्हणताना माझा डावा हात दुसऱ्या आरशाच्या मागे होता, कारण तिथे मी क्रीमच्या बिस्किटांचा पुडा ठेवला होता. रोज एक. फार तर दोन. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. फक्त पाषाणाला मधे क्रीम होतं.

पण घरात एक खरी गोष्ट घडत होती. काडी एक दिवस शाळेतून आली, जिना न थांबता चढली आणि दप्तर टाकून म्हणाली, "भूक लागलीय." हे वाक्य आमच्या घरात तोवर माझ्याशिवाय कुणी उच्चारलं नव्हतं. तोंड यायचं थांबलं. गालांना थोडा रंग आला. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत चक्क आदर होता. मी तो आदर पुरवून पुरवून वापरला.

"माझ्या पोटामुळे हिचंही भलं झालं," मी सगळ्यांना सांगायचो. म्हणजे तिथेही विषय माझं पोटच.

त्याच सुमारास डॉक्टरीणबाईंनी काडीला नेहमीप्रमाणे बोलावलं होतं. बायकोला लाँड्रीत दिवसपाळी होती, म्हणून मी घेऊन गेलो. बाईंनी तिचे डोळे बघितले, नखं बघितली, जुने कागद चाळले. बाहेर माणसांची रांग दारापर्यंत लागलेली.

"गोळ्यांनी रक्त का वाढत नाही, ते एकदा बघायला हवं. रक्ताच्या एक-दोन तपासण्या करून घेऊ," त्या म्हणाल्या. मग काडीला विचारलं, "रोजचं खाणं काय असतं गं? पोळी, पाव, बिस्किटं खातेस ना?"

काडीनं तोंड उघडलं.

"पावाचं तर बोलूच नका, डॉक्टरीणबाई," मी म्हणालो, आणि माझं पोट कसं फुगायचं, कसं उतरलं, गिऱ्हाईक काय म्हणालं, ढेकर आली की मी हात कसा वर धरतो, हे सगळं साभिनय सांगितलं. बाई मधेमधे "हो, हो" करत चिठ्ठी लिहीत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुमचं नंतर बघू. आधी तिचं." आम्ही बाहेर आलो. मुलगी काही बोलायची राहिली, हे माझ्या गावीही नव्हतं.

रक्त काढलं ते सुईवाल्यांनी. हे कोपऱ्यावरच्या लॅबमधले गृहस्थ, माझं आठवड्याचं गिऱ्हाईक. काडीची शीर शोधताना इतक्या हळुवारपणे बोट फिरवत होते, की मलाही जमलं नसतं. त्या आठवड्यात ते दाढीला आले, तेव्हा मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली.

"घरातून गहू हद्दपार! माझा, बायकोचा, पोरीचा. इतके दिवस झाले, दाण्याला शिवलेलो नाही."

सुईवाल्यांचे डोळे आरशात मोठे झाले. "अहो, पण मग ती तपासणी—"

"हलू नका, लागेल."

हनुवटी झाल्यावर ते पुन्हा म्हणाले, "दादा, ऐका तरी—" तेव्हा मी वरच्या ओठापाशी होतो. तिथे तर बोलणं अशक्यच. दाढी संपली तोवर पुढचा माणूस खुर्चीच्या हातावर बसला होता आणि लॅबमधून त्यांना फोन आला होता.

रिपोर्ट आणायला बायको गेली, आणि आली ती काखेत अख्खा पाव मारून.

"काही निघालं नाही," तिनं पाव टेबलावर आपटला. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गव्हाचा त्रास असेल अशी शंका होती, ती फिटली. सगळं खाऊ दे हिला. झालं समाधान? आता भाताचे डबे बंद."

मला काडीपेक्षा माझ्या सिद्धान्ताची काळजी वाटली. खोटं कशाला बोलू? माझा तोरा गेला, म्हणून मला राग आला. मी जाहीर केलं, की मी माझ्यापुरतं व्रत चालूच ठेवणार. पुडा आरशामागे होताच.

पुढच्या दाढीला मी सुईवाल्यांना चांगलंच सुनावलं. "तुमच्या लॅबचा रिपोर्ट चुकलाय."

"तेच सांगतोय, चुकीचाच—"

"हलू नका. चूक झाली की माणसानं कबूल करावं, वळवळ करू नये."

बोलणाऱ्याचा कोंडा खपतो, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, असं म्हणतात. माझा कोंडा जोरात खपत होता.

घरात पाव आला आणि काडी हळूहळू पुन्हा काडी झाली. आधी तोंड आलं. मग जिन्यातली पायरी आली. परीक्षेचं टेन्शन, मी म्हणालो. तिचे केस मीच कापतो, सुट्टीच्या दिवशी, दुकानाचं शटर अर्धं ओढून. या खेपेला कंगव्यात झुबकेच्या झुबके आले. शॅम्पू बदलायला हवा, मी म्हणालो. लोकांच्या डोक्यावरचा एक केस कमी झाला तर मला कळतो, आणि माझ्या समोर, माझ्याच खुर्चीत, माझीच मुलगी झडत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

मग एका संध्याकाळी ती शाळेतून थेट दुकानात आली आणि दाराशीच खाली बसली. "बाबा, घरापर्यंत चालवत नाहीये," म्हणाली. चेहरा माझ्या टॉवेलसारखा पांढरा. मी तिला पाणी देत होतो, तेवढ्यात सुईवाले आले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"या, बसा," मी सवयीनं खुर्ची झटकली.

"मी नाही बसणार," ते म्हणाले. "आज तुम्ही बसा."

"मी?"

"बसा म्हणतो ना!" त्या मवाळ माणसाचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी माझ्याच खुर्चीत बसलो. त्यांनी खुंटीवरचं कापड ओढलं आणि माझ्या गळ्याभोवती घट्ट बांधलं. मग समोर उभे राहिले.

"आता हलायचं नाही. गहू खरंच सोसत नसेल, तर तो खाल्ल्यावर रक्तात खुणा दिसतात. खाणं बंद केलं, की त्या खुणा पुसल्या जातात. तुम्ही आधी पोरीचा गहू बंद केलात आणि मग माझ्याकडे रक्त द्यायला आणलंत. रिपोर्टात काय दिसणार, डोंबल? मी लॅबमधला माणूस, औषधपाणी सांगणं माझं काम नाही, म्हणून तुम्हालाच सांगून डॉक्टरकडे पाठवावं म्हटलं. इतके दिवस सांगायला बघतोय! दर वेळी तोंडात फेस!"

मी आरशात स्वतःला पाहिलं. गळ्याला कापड बांधलेला, तोंड उघडं असलेला एक जाडा माणूस. त्याच्याकडे कुठल्याच विषयावर मत नव्हतं. त्याच्या मागे, आरशाच्या कोपऱ्यात, दाराशी बसलेली मुलगी दिसत होती. मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती.

डॉक्टरीणबाईंकडे या खेपेला बायको बोलली. मी कोपऱ्यात उभा होतो. बाईंनी कपाळाला हात लावला. "हे मला तेव्हा का नाही सांगितलं?" म्हणाल्या. बायकोनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. ती नजर पूर्वीच्या आदराची नव्हती. मग बाईंनी सांगितलं, की पोरीनं काही आठवडे रोज न चुकता पाव खायचा आणि मग पुन्हा तपासणी करायची. फार त्रास झाला तर लगेच यायचं.

म्हणजे ज्या पावाचा मी गावभर उद्धार केला, तोच रोज सकाळी मी स्वतःच्या हातानं भाजायचा, लोणी लावायचं आणि पोरीच्या पुढ्यात ठेवायचा. ज्यानं ती आजारी पडतेय असं आता सगळ्यांनाच वाटत होतं, तोच. ती डावा हात पोटावर ठेवायची आणि उजव्या हातानं खायची. मीही शेजारी बसून खायचो. माझीही तपासणी करून टाकू, असं बाई म्हणाल्या होत्या. पण खरं सांगायचं तर तिला एकटीला खाऊ देणं मला जमत नव्हतं. एका सकाळी मी तिच्या ताटलीतला तुकडा उचलून माझ्या तोंडात कोंबला.

"आजचा दिवस राहू दे," मी म्हणालो.

तिनं माझ्या ताटलीतला घेतला. "नको बाबा. परत काहीच दिसलं नाही तर?"

मी भांडी घासायचं निमित्त करून तोंड फिरवलं आणि रडलो. नळ मोठा सोडला होता.

या वेळी रिपोर्टात दिसलं. मोठ्या दवाखान्यात नेऊन आतड्याचा तुकडा काढून बघितला, तिथेही तेच. गव्हातलं ग्लूटेन तिच्या आतड्याला सोसत नव्हतं. आतडं आतून इतकं खरवडून निघालं होतं, की गोळ्या काय आणि जेवण काय, अंगी लागायला जागाच नव्हती. औषध एकच, आयुष्यभर गहू नाही, आणि त्याच्या जातीची आणखी एक-दोन धान्यं नाहीत. आत्याचा काही संबंध नव्हता.

आणि माझा रिपोर्ट? स्वच्छ.

"पण तुम्ही खरंच खात होतात ना गहू?" बाईंनी संशयानं विचारलं. "नाहीतर तुमच्या रिपोर्टाचंही तसंच व्हायचं."

बायकोनं पर्समधून अर्धा संपलेला क्रीमच्या बिस्किटांचा पुडा काढून टेबलावर ठेवला. आरशामागे तिनं कधी हात घातला, मला माहीत नाही. "मधे एक दिवसही खंड नाही," ती म्हणाली.

"मग माझं पोट का फुगतं?" मी काकुळतीला येऊन विचारलं. "ढेकरा का येतात?" आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायला लागलो.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग बायकोला विचारलं, "हे जेवतानाही असेच बोलतात?"

"घास गिळायलासुद्धा थांबत नाहीत."

"मग त्या घासाबरोबर हवा गिळतात. गहू खा, भात खा, काहीही खा," त्या मला म्हणाल्या, "फक्त जेवताना बोलू नका."

आजवर मला कुणी इतकं कठीण पथ्य दिलं नव्हतं. लोक गहू सोडतात, साखर सोडतात, सिगारेट सोडतात. मला बोलणं सोडायचं होतं.

बायकोनं घर रिकामं केलं. पावाची सुरी गेली, पीठ गेलं, नूडल्सचे पुडे शेजारी गेले, आरशामागची जागासुद्धा पुसली गेली. मला गहू चालतो, पण मी तो बाहेर खातो, बेकरीवाल्याकडे उभं राहून. पहिल्या दिवशी त्याच्या दारात जाताना मान खाली होती. तो दाढी कुरवाळत म्हणाला, "पाव देतो. पण दाढी आता ठेवलीय ती ठेवलीय."

रात्रीचं जेवण आम्ही तिघं एकत्र करतो. पहिले काही दिवस टेबलावर नुसते चमचे वाजत. बायकोला वाटलं, मला ताप आहे. मग एका रात्री त्या शांततेत काडी बोलायला लागली. आधी शाळेतल्या भांडणाबद्दल, मग एका मैत्रिणीबद्दल, मग शिक्षिकेची नक्कल केली. काय हुबेहूब! ही मुलगी इतकी गमतीदार आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. मी चावत होतो आणि ऐकत होतो. बोलता बोलता ती सहज म्हणाली, "पोट तर माझं पहिलीत होते तेव्हापासून दुखायचं."

माझ्या तोंडात घास होता. पथ्य होतं. तरी राहवलं नाही. "अगं, मग सांगायचं नाहीस का?"

"सांगितलं होतं ना," ती म्हणाली. तक्रारीचा सूरसुद्धा नव्हता. भात कालवता कालवता म्हणाली. "दर वेळी सांगायचे, केस कापताना. तेव्हाच तर आपण दोघंच असायचो. तुम्ही म्हणायचात, हलू नकोस, लागेल."

बायको माझ्याकडे बघत नव्हती. मी तो घास चावत राहिलो, चावत राहिलो.

परवा सुट्टी होती. शटर अर्धं ओढून मी काडीला खुर्चीत बसवलं. आता खुर्ची पूर्वीइतकी वर करावी लागत नाही. केस दाट व्हायला लागलेत. काडी हे नावही आता सोडायला हवं, पण दुसरं अजून कुणाला सुचलेलं नाही. मी एक बाजू कापून दुसऱ्या बाजूला आलो, कात्री कानापाशी नेली, आणि ती मान वळवून म्हणाली, "बाबा, एक सांगू?"

मी कात्री खाली ठेवली.

"सांग," म्हणालो. "हल खुशाल."

ती बराच वेळ बोलली. दुसऱ्या बाजूचे केस अजून कापायचे आहेत.